गार्डाच्या अंगावर धावून जाण्याआधी



वाघाने माणूस मारला की गावात काय होते, हे जंगलालगतच्या गावांना आम्ही सांगायला नको. पऱ्हाटीच्या ओळीत रक्त सांडलेले असते, अर्धी भरलेली कापसाची ओटी बाजूला पडलेली असते आणि सारे गाव धुऱ्यावर गोळा झालेले असते. तिथे सरकारच्या वतीने सर्वांत आधी कोण पोचतो? मंत्री नाही, जिल्ह्याचा साहेब नाही. पोचतो तो गार्ड. खाकी कपडे, हातात काठी, बरोबर एखादा रोजंदारी वनमजूर. आणि गावाचा सारा राग त्याच्यावर फुटतो. त्याला घेरले जाते, शिव्या दिल्या जातात, कॉलर धरली जाते, कधी खोलीत कोंडले जाते. दोन-तीन तासांनी पोलिसांच्या बंदोबस्तात साहेबाची गाडी येते. साहेब गोड बोलतो, चेकचे आश्वासन देतो, पिंजरा लावू म्हणतो आणि निघून जातो. मार खाल्लेला गार्ड मात्र तिथेच राहतो. रात्री त्याच वावराच्या कडेला त्याला पहारा द्यायचा असतो.

आज आम्ही जे लिहिणार आहोत ते काही भावांना रुचणार नाही. मागच्या बैठकांतही त्यावर खटके उडाले. एका भावाने तर तोंडावर विचारले, की तुम्ही शेतकऱ्यांचे की फारेस्टवाल्यांचे? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र हिशेब मांडूनच द्यावे लागेल.

आधी त्याचा दोष सांगून टाकू, म्हणजे कोणी म्हणायला नको की आम्ही एका बाजूनेच बोलतो. जंगलाशेजारी जन्म काढलेल्या माणसाला गार्ड म्हटला की कोंबडी आठवते. मोळीमागे चिरीमिरी, बैलगाडीच्या जुवासाठी तोडलेल्या लाकडामागे धाक, पावतीशिवाय दंड, ढोरं जंगलात शिरली की कोंडवाड्याची धमकी. हे झाले आहे, आमच्याच घरांत झाले आहे, आणि काही ठिकाणी आजही होते. 1927 चा वन कायदा इंग्रजाने केला तो जंगल राखायला नव्हे, सागाचा माल राखायला. त्या कायद्याने गावचा माणूस एका रात्रीत चोर ठरला, आणि चोरावर नजर ठेवायला गावच्याच एका पोराला काठी देऊन उभे केले. इंग्रज गेला, कायदा राहिला, काठीही राहिली.

पण काठी धरणारे पोर कोणाचे आहे, ते बघा. आज वनरक्षकाच्या भरतीत पळायला उतरतात ती कोणाची पोरे? डॉक्टर-वकिलांची नाहीत. दोन-चार एकर कोरडवाहूच्या धन्याची, ज्याच्या घरात कापसाचे चुकारे सावकाराच्या दारावरून परत फिरतात, त्याची. बारावी झाली, शेतीत राम नाही, बापाने सांगितले की बाबा, कुठेही चिकट. भरतीत निवडल्यावरही गड्याला चार तासांत पंचवीस किलोमीटर चालून दाखवावे लागते. चालून दाखवले म्हणजे झाले असे नाही. पुढे सारी नोकरीच चालण्याची आहे.

खात्याची उतरंड आपण सगळे जाणतो, तरी पोरांसाठी सांगतो. सर्वांत खाली वनमजूर, त्याच्यावर वनरक्षक म्हणजे गार्ड, त्याच्यावर वनपाल म्हणजे राउंडवाला, मग वनक्षेत्रपाल म्हणजे रेंजर, आणि मग सहायक, उप, मुख्य, अपर असे लांबलचक पाट्यांचे साहेब. वाघाशी गाठ पडते ती खालच्या दोघांची. वरच्यांची गाठ वाघाच्या फोटोशी.

गार्डाचा दिवस कसा जातो? शेकडो हेक्टरांचे नियतक्षेत्र, ज्याला आपण बीट म्हणतो, ते एका माणसाच्या अंगावर. दिवस उजाडायच्या आत निघायचे, पायी. वाघाचे पंजे कुठे उमटले, विष्ठा कुठे पडली, झाडावर नखे कुठे ओढली, पाणवठ्यात पाणी किती उरले, कोणी त्यात विष तर कालवले नाही, पायवाटेवर लोखंडी सापळा पुरला आहे का, ताराचा फास लावला आहे का, हे बघत चालायचे. पूर्वी काचेवर पंजाचा ठसा उतरवीत आणि प्लास्टरचा साचा घेत. राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात कागदावर वाघ होते आणि 2005 साली शोध घेतला तर एकही उरला नव्हता. त्यानंतर ती जुनी मोजणी बाद झाली. आता झाडाला कॅमेरे बांधतात आणि गार्डाच्या हाती मोबाईल देतात. तो किती चालला, कुठून गेला, कुठे थांबला याची रेघ वरच्या कार्यालयात उमटते. शेतकऱ्याच्या पोराच्या प्रत्येक पावलाचा हिशेब आता साहेबाला बसल्या जागी दिसतो. साहेबाच्या पावलांचा हिशेब कुठे उमटतो, हे आम्हाला कोणी सांगितलेले नाही.

फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आगीचा हंगाम. मोहफूल वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, कोणी विडी टाकतो, कोणी मुद्दाम लावतो. त्याआधी जाळरेषा साफ करायच्या, आणि आग लागली की ओल्या फांद्या घेऊन, फार तर पाला उडवायचे यंत्र घेऊन ती झोडपायची. विदर्भातला मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. त्यात वरून सूर्य आणि समोरून आग. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की आतल्या संरक्षण कुटीत अडकून राहायचे. पीठ-मीठ संपले तर संपले. बाई गार्ड असेल तर तिची आणखी दैना. आता बाया मोठ्या संख्येने या नोकरीत आल्या आहेत, पण कुट्या बांधणाऱ्याच्या डोक्यात बाईमाणूस आलेच नव्हते. लहान लेकरू सासूजवळ ठेवून जंगलात राहणाऱ्या या मुली आपल्याच घरातल्या आहेत.

20 नोव्हेंबर 2021 ची गोष्ट आठवा. ताडोब्याच्या कोलारा भागात एक बाई वनरक्षक सकाळी वाघगणनेच्या कामाला पायी निघाली. बरोबर तीन मदतनीस. देशभर दर चार वर्षांनी ही गणना होते, आणि तिच्यात ठरलेल्या रेषेवरून पायी चालत चितळ, सांबर, खुणा मोजाव्या लागतात. वाटेत वाघीण बसलेली दिसली. ही माणसे थांबली, तिची उठायची वाट बघितली. ती उठेना, तेव्हा वळसा घालून झाडीतून पुढे निघाली. वाघिणीने मागून येऊन त्या बाईला ओढत नेले. तिच्या हातात काय होते? मोजणीचे काम होते. बंदूक नव्हती, आणि असती तरी काय करणार होती? नंतर तिथली पायी मोजणी थांबवण्यात आली. म्हणजे धोका आहे हे सगळ्यांना माहीत होते. थांबायला मात्र एका बाईचा जीव जावा लागला.

त्याच वर्षी मार्चमध्ये मेळघाटात हरिसालच्या एका महिला वनक्षेत्रपालाने आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठाच्या छळाचा आरोप होता आणि त्या वरिष्ठाला अटकही झाली. न्याय कोर्ट करील. आम्हाला येथे एवढेच सांगायचे आहे, की खात्याच्या आत खालच्या माणसाला जो सोसावा लागतो तो जाच काही वाघाकडून येत नाही.

11 सप्टेंबरला देशभर वनशहीद दिन पाळतात. 1730 साली राजस्थानात खेजडलीला झाडे वाचवताना बिष्णोई बायामाणसे कापली गेली, त्यांची ही आठवण. त्या दिवशी स्मारकावर फुले वाहतात, बिगुल वाजतो. फुले जरूर वाहा. पण ज्या वनमजुराची हजेरी रोजंदारीच्या पुस्तकात आहे, ज्याची वर्षानुवर्षे कायम होण्याची वाट बघण्यात कंबर वाकली, त्याच्या बायकोला नंतर कोणत्या टेबलावर किती हेलपाटे घालावे लागतात, ते त्या बिगुलात ऐकू येत नाही.

आता वाघांच्या आकड्यांकडे वळू. महाराष्ट्रात 2014 च्या गणनेत 190 वाघ होते, 2018 ला 312 झाले, 2022 ला 444. मोठ्या शहरांतल्या सभागृहांत टाळ्या वाजल्या. वाजवा. पण हे वाघ वाढवले कोणी? ज्याने पायी हिंडून सापळे उचलले त्या गार्डाने. आणि दुसऱ्या कोणी? ज्याची गाय गेली, ज्याचे गोऱ्हे गेले, ज्याच्या वावरातून वाघ रोज ये-जा करतो आणि जो तरी त्याला विष घालत नाही, त्या शेतकऱ्याने. वाघाचा खर्च या दोघांच्या खात्यावर आणि उत्पन्न जिप्सी, रिसॉर्ट आणि तिकिटवाल्यांच्या खात्यावर. कापसाचे जे, तेच वाघाचे. पिकवायचे आपण आणि भाव खायचा दुसऱ्याने.

काही वर्षांपूर्वी टिपेश्वरचा एक पट्ट्या असलेला पोरगा घर सोडून निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याची वाट कळली. 2019 च्या जूनमध्ये तो निघाला, तेलंगणात जाऊन आला, आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात वर्षअखेरीस पोचला. सारी भटकंती सुमारे तीन हजार किलोमीटरची भरली. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले. तो चालला कुठून? आपल्या पऱ्हाटीतून, तुरीतून, नाल्याच्या झाडीतून. दिवसा पिकात निजायचा, रात्री निघायचा. कितीक शेतकऱ्यांना तो आपल्या वावरात होता हे कळलेही नाही. आणि त्याच्या मागे वावरावावरांतून हिंडणारी, लोकांना हात जोडून सांगणारी माणसे होती ती खालचीच.

पण हा प्रश्न मुळात वाघाचा नाहीच. तो ज्वारीचा आहे. हसू नका, नीट ऐका.

आपल्या बापजाद्यांच्या वेळी कापसाबरोबर ज्वारी होती. ज्वारीने माणसाला भाकर दिली आणि ढोराला कडबा दिला. घरच्या गंजीवर ढोर उन्हाळा काढत असे. मग काय झाले? ज्वारीला भाव दिला नाही. रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ आणून ज्वारीची बाजारातली पत घालवली. जे थोडे भाऊ तरीही पेरत राहिले त्यांच्या वावरात रानडुकरांचे कळप आणि रोही शिरले. कणसात दाणा भरला की रातोरात मैदान. जंगलाला लागून असलेल्या कितीतरी गावांत आज ज्वारी पेरायची कोणाची छाती नाही. तिच्या जागी सोयाबीन आले. सोयाबीनच्या कुटारावर ढोर जगते काय? कडबा गेला म्हणून ढोर जंगलात गेले. ढोर जंगलात गेले म्हणून तिथे गार्ड आडवा आला. ढोरामागे गुराखी गेला, आणि ढोराच्या वासाने वाघ आला. मग मेला कोण? एकदा गाय, एकदा गुराखी. आणि भांडले कोण? गार्ड आणि शेतकरी. ज्याने ज्वारी मारली तो या भांडणात कुठेच दिसत नाही. तो आपल्या खुर्चीवर बसून दोघांनाही मानव-वन्यजीव सहजीवनाचे धडे देतो.

तसेच विजेचे. शेतीपंपाला रात्रीची पाळी लावायची, म्हणजे ओलितासाठी माणसाने अंधारात वाघाच्या वाटेवर उभे राहायचे. जागलीला मचाणावर बसायचे तर डुकराला हाकलायला काय आहे? 2015 च्या शासन निर्णयाने पिकाचे नुकसान करणारे रानडुक्कर आणि रोही मारायला रेंजरची परवानगी घेता येते असे ठरले. परवानगी मिळेल, बंदूक कुठून आणायची? कोरडवाहूच्या घरात बंदूक असती तर आधी बँकवाला दारात आला नसता. मग नाइलाजाने कोणी वीज तारेवर आकडा टाकतो आणि धुऱ्याभोवती बाइंडिंग तार फिरवतो.

भावांनो, येथे आम्ही स्पष्ट बोलणार आहोत. हा आकडा बंद झाला पाहिजे. त्या तारेला डुक्कर कळत नाही आणि माणूसही कळत नाही. तिने वाघ मेले, हे छापून येते. तिने शेजारचा शेतकरी मेला, कधी लावणाऱ्याच्याच घरचा माणूस मेला, हे आतल्या पानावर दोन ओळींत येते. आणि रात्री ती तार शोधत कोण हिंडतो? पुन्हा तोच गार्ड, हातात वाळकी काठी घेऊन. सकाळी वाघ मेलेला सापडला की शेतकरी तुरुंगात जातो आणि गार्ड निलंबित होतो. दोन घरे बुडतात. झटका मशीनवर अनुदान आहे म्हणतात. अनुदानाच्या अर्जाला जेवढे कागद लागतात तेवढ्या वेळात डुकराचे दोन हंगाम होतात. आम्हाला मशीनवर सूट नको. पिकाला असा भाव द्या की मशीन आम्ही आमच्या पैशाने रोखीत आणू.

2018 ची पांढरकवडा-राळेगावची दहशत यवतमाळच्या भावांनी भोगली आहे. एका वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. ऐन वेचणीत बाया वावरात जायला तयार नव्हत्या. गेल्या तर दहा-दहांनी, बरोबर काठ्या घेतलेले गडी. बोंडे फुटून कापूस झाडावर लोंबत राहिला. 2 नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घातली तेव्हा देशभर मेणबत्त्या पेटल्या. त्या तेरा जणांसाठी किती पेटल्या, ते आम्ही मोजत बसत नाही. पण त्या साऱ्या महिन्यांत रात्रंदिवस त्या शिवारांत गस्त घालणारे, बायांना वावरापर्यंत सोडणारे, गावकऱ्यांच्या शिव्या आणि शहरातल्यांचे शाप दोन्ही झेलणारे कोण होते? 2025 च्या मेमध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या एकाच गावच्या तीन बाया एका दिवशी गेल्या. तेंदूपत्ता हौसेने कोणी तोडत नाही. उन्हाळ्यात हाती दुसरा पैसा नाही म्हणून पहाटे अंधारात जंगलात शिरावे लागते. तिथेही प्रेते जंगलातून बाहेर आणायला साहेब आत गेले नसतील. आत जाते ते खालचे माणूस.

एक भाऊ म्हणाला, गार्ड पंचनाम्याला येत नाही, आला तर नुकसान कमी लिहितो. खरे आहे. पण पंचनाम्यावर त्याच्या एकट्याची सही चालत नाही. महसूल आणि शेती खात्याच्या माणसाला गाठावे लागते. तो तलाठ्याला फोन करतो, तलाठी निवडणुकीच्या कामात. कृषी सहायकाला करतो, त्याच्याकडे चार गावे जास्तीची. तोवर डुकराने उकरलेले वावर तुम्ही नांगरून टाकलेले असते, कारण हंगाम कोणासाठी थांबत नाही. आणि एवढे करून भरपाई मिळते ती पिकाच्या भावाने नाही, कागदातल्या दराने, आणि तीही पुढचे पीक उभे राहिल्यावर. तो दर गार्डाने ठरवलेला नाही. त्याला विचारलेलेही नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. गार्डावर हात टाकायचा नाही. यापुढे आपल्या गावात वाघाने किंवा बिबट्याने माणूस मारला तर गार्डाला आपल्यात घ्यायचे, पोरांना आवरायचे, त्याला त्याचे काम करू द्यायचे, आणि सगळ्या गावाने मिळून मोर्चा न्यायचा तो विभागीय कार्यालयावर. तिथे ऐकले नाही तर नागपूरच्या वनभवनावर. जिथे दर ठरतो तिथे बोलायचे. मागायचे ते भीक म्हणून नाही. नुकसानीची भरपाई उत्पादन खर्चावर, बाजाराच्या भावाने आणि त्याच हंगामात. जंगलालगतच्या गावांना शेतीची वीज दिवसा. रानडुक्कर मारायची परवानगी दिली तर मारायची सोय खात्याने करायची. रोजंदारीवर राबलेल्या वनमजुरांना कायम करायचे. हे आपल्या मागणीपत्रात घालायला काही भावांचा विरोध आहे, पण ते घातलेच पाहिजे, कारण त्यातले निम्मे आपल्याच घरचे आहेत. आणि गार्डांना आमचे सांगणे, की कोंबडी आणि मोळीची चिरीमिरी बंद करा. नाहीतर हे सारे लिहून आम्ही आमच्याच माणसांत तोंडघशी पडू.

जिल्हा बैठकीला येताना मागच्या दोन हंगामांतले पंचनाम्याचे कागद बरोबर आणा. अर्ज कोणत्या तारखेला दिला, पंचनामा कधी झाला, पैसे कधी आणि किती आले, की आलेच नाहीत, हे मागच्या बाजूला पेनाने लिहून आणा. ज्यांच्याकडे अर्जाची पोच नाही त्यांनी तसे लिहा. ज्या गावांत ज्वारी पेरणे बंद झाले तिथल्या भावांनी शेवटची ज्वारी कोणत्या साली पेरली, तेवढे आठवून या. आणि तुमच्या बीटचा गार्ड यायला तयार असेल तर त्यालाही घेऊन या. साध्या कपड्यांत आला तरी चालेल, त्याचे नाव कुठे लिहिले जाणार नाही.